पाठमोरी शकुन

दिगंबरराव नेरूरकर हा माणूस इतका प्रामाणिक होता, की त्याच्याबरोबर राहणाऱ्याला त्रास व्हावा. हे मी कौतुकाने सांगत नाही. दहा वर्षं आम्ही बालीगंजच्या एकाच घरात राहिलो, ते खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या. त्यांतली निम्मी वर्षं तरी मी त्यांच्यावर रागावलेली होते. उरलेल्या वर्षांत राग धरायला मला वेळ मिळाला नसेल.

ते केंद्र सरकारच्या एका छोट्या खात्यात होते. गावोगावी फिरून जुन्या देवळांची मोजमापं घ्यायची, नकाशे काढायचे, फोटो घ्यायचे आणि फायली भरायच्या, हे त्यांचं काम. सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात त्यांची मुंबईहून कलकत्त्याला बदली झाली. मी इथलीच. माझे वडील विमा कंपनीत नोकरीला म्हणून आले आणि इथेच राहिले. त्यांच्यामागे मी एकटी, मुलींच्या शाळेत शिकवत होते. खाली मराठी बिऱ्हाड आलं म्हणून मी हौसेने पुरणपोळ्या घेऊन गेले. शकुनने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, की तुम्ही मराठी बोलता ना, मग बसा, पोळ्या नंतर बघू. आठ दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. बोलण्याची तिला भारी आवड, आणि नवऱ्याच्या तोंडातून दिवसाला दहा शब्द निघाले तरी पुष्कळ. चार दिवसांत आमची मैत्री झाली. तिच्या पोटी हेमा झाली तेव्हा बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मीच केले, आणि ते दगडासारखे झाले हे ती जन्मभर सांगत होती. तिचा जन्म फार मोठा नव्हता.

तर प्रामाणिकपणा. दिगंबरराव ऑफिसच्या पेन्सिलीने घरचं पत्र लिहीत नसत. घरच्यासाठी वेगळी पेन्सिल होती. दौऱ्यावर वापरायच्या फोटोच्या काचा मोजून मिळत, आणि त्या काळी फोटो काचेवरच निघत असे. लढाईनंतर त्या काचांची टंचाईच होती. एकही काच त्यांनी कधी स्वतःच्या कामाला लावली नाही. खात्यातले बाकीचे लोक दौऱ्यावर गेले की एखादी काच बायकामुलांवर खर्च करत आणि हिशोबात ‘फुटली’ असं लिहीत. दिगंबररावांची काच कधी फुटली नाही. दिवसभर फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात माणसांचा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लग्न चव्वेचाळीस साली मालवणजवळच्या खेड्यात झालेलं, तिथे फोटोवाला कुठला यायला. शकुनला रासबिहारी अॅव्हेन्यूवरच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा होता. तिने साडीही ठरवून ठेवली होती. दिगंबरराव म्हणायचे, मी असताना परक्याने तुझा फोटो कशाला काढायचा, मी स्वतःचा कॅमेरा घेईन तेव्हा काढू. तो कॅमेरा काही आला नाही.

पन्नास सालच्या जानेवारीत त्यांना बांकुड्याच्या पुढे पाथरडी नावाच्या गावी जायचं होतं. तिथे नदीच्या काठाला शंकराचं एक दगडी देऊळ आहे. शकुनने हट्टच धरला की मला बरोबर न्या. अडीच वर्षांत मी ट्रामच्या पलीकडे काही पाहिलं नाही म्हणाली. त्यांनी आधी ऑफिसची लेखी परवानगी काढली, तिचं तिकीट आपल्या पैशाने काढलं, आणि मग नेलं. हेमा चौदा महिन्यांची होती, ती माझ्याकडे राहिली.

पाच दिवसांनी शकुन परत आली ती हसत आणि रागावलेली, दोन्ही एकदम. पोरीला मांडीवर घेऊन तिने मला सगळं सांगितलं. देवळाचा फोटो घेताना त्याच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी मापाची रंगवलेली काठी उभी करतात. ती काठी बसच्या टपावरून वाटेत कुठेतरी पडली. काठी नसेल तर उंची ठाऊक असलेलं माणूस उभं करायचं, असा त्यांच्यात रिवाज आहे. गावातली माणसं भाताच्या कापणीत गुंतलेली, आणि जी मोकळी होती ती कॅमेऱ्यासमोर हलल्याशिवाय राहत नव्हती. तेव्हा दिगंबररावांनी टेपने बायकोची उंची मोजली, वहीत लिहिली, आणि तिला देवळाच्या भिंतीशी उभं केलं.

शकुनने पदर सारखा केला, कुंकू बघितलं, आणि हसरा चेहरा करून कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला वाटलं, चला, शेवटी निघाला आपला फोटो. दिगंबरराव काळ्या फडक्याखालून बाहेर आले आणि म्हणाले, भिंतीकडे तोंड कर.

“का म्हणून?” तिने विचारलं.

“सरकारी काच आहे. तुझं तोंड आलं तर तो घरचा फोटो होईल.”

मग दोन दिवस ती पाठमोरी उभी होती. तिच्या नाकासमोर भिंतीवर कोरलेली एक बाई होती, हातात आरसा धरलेली. भिंगावरची टोपी काढली की मी अंक मोजेन, तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असं दिगंबररावांनी बजावलेलं. म्हणून शकुन त्या दगडी बाईकडे बघत राही. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की त्या बाईच्या अंगावर कंबरपट्टा आहे, बाजूबंद आहेत, कानांत केवढाले झुमके आहेत, पण नाक मोकळं. नथ नाही, चमकी नाही. मालवणकडच्या बाईला हे कसं सोसावं? नवऱ्याला सांगायला ती गर्रकन वळली, आणि नेमकी तेव्हाच टोपी निघालेली होती.

“एक काच वाया घालवली मी,” शकुन मला म्हणाली. “दोन दिवस धड बोलत नाहीत माझ्याशी. आणि देवळातली बाई बघाल तर आरसा घेऊन बसलीय, ती बसते स्वतःचं तोंड बघत.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला तेव्हा राग आला नाही. तो नंतर आला.

एक्कावन्नच्या मार्चमध्ये शहरात देवीची साथ होती. शकुनला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी अंगावर देवी उठल्या. मी हेमाला उचलून वर आणलं आणि डॉक्टरांनी मला खाली जायला बंदी केली. दिगंबरराव रजा टाकून एकटे तिचं करत होते. मी जिन्यावर जेवणाचं ताट ठेवायची, ते नंतर येऊन न्यायचे. अकराव्या दिवशी त्यांनी खालून मला हाक मारली, फक्त ‘वृंदाताई’ एवढीच, आणि मला कळलं. मी तिचं शेवटचं दर्शन घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. माझ्या आठवणीत तिचा चेहरा धड राहिला तो त्या भीतीमुळे. दिगंबररावांचं तसं नव्हतं. त्यांनी अकरा दिवस तो चेहरा ओल्या फडक्याने पुसला होता. डोळे मिटले की त्यांना तेवढाच दिसे, त्याच्या आधीचा दिसत नसे. हे त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितलं, तेही भाजी निवडताना, मान खाली घालून.

तेरावं झाल्यावर त्यांनी ऑफिसात रीतसर अर्ज केला, आणि पाथरडीच्या देवळाच्या एका फोटोची प्रत मिळवली. तिला चौकट करून बैठकीच्या खोलीत लावली. फोटोत वरपासून खालपर्यंत देऊळ. खाली डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, पाठमोरी.

त्या फोटोखाली हेमा वाढली. सकाळी देवाला नमस्कार झाला की ती आईला नमस्कार करी. खालच्या घरात निजायची, वरच्या घरात जेवायची. शाळेत बंगाली, गल्लीत बंगाली, म्हणून तिचं मराठी अर्धं बंगाली वळणाचं. सहा वर्षांची असताना तिने बाबांना विचारलं, आई तिकडे का बघते? ते म्हणाले, ती देऊळ बघत होती. झालं. एवढंच. मी तिथेच होते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती, पण मी गप्प बसले. म्हटलं, ज्याची चूक त्याने सांगावी. तो मोठेपणा मी करायला नको होता.

आईचं तोंड कसं होतं, हे हेमा मला विचारायची. मी सांगायची, गोल चेहरा, रंग सावळा, डोळे बारीक, हसली की उजव्या गालाला खळी पडायची. एकदा ती ऐकून घेऊन म्हणाली, “अशा तर पुष्कळ जणी असतात.” तिचं खरं होतं. हेमाकडे बोट दाखवून ‘अशीच होती’ म्हणावं, तर तीही सोय नव्हती. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं दिगंबररावांचं उचललेलं. आईचं तिच्यात नखभरही नव्हतं.

एकदा मी खाली गेले तर दिगंबरराव टेबलाशी बसून काही काढत होते. मला पाहून त्यांनी कागद झाकले. मी बेधडक उचलले. पंचवीस-तीस कागद, प्रत्येकावर बाईचा चेहरा, पेन्सिलीने काढलेला. हात त्यांचा मोठा सुरेख होता. लांब डोळे, सरळ नाक, भरलेले ओठ. सगळे चेहरे एकसारखे.

“ही देवळातली आहे,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मला तीच येते.”

मी कागद होते तसे ठेवले आणि वर निघून आले.

सत्तावन्न साली हेमा माझ्याच शाळेत चौथीत होती. बंगालीच्या बाईंनी वर्गाला ‘माझी आई’ असा निबंध घातला, आणि हेमाची वही माझ्यापुढे आणून ठेवली. आठ ओळी होत्या. माझी आई आमच्या घराच्या भिंतीवर राहते. ती छोटी आहे. मी नमस्कार करते तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. मी लहान असताना मी काहीतरी वाईट केलं असेल. काय केलं ते बाबा सांगत नाहीत. पुढच्या ओळी आता आठवत नाहीत असं मी म्हणते, पण आठवतात. लिहायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी दिगंबररावांना जे बोलले ते कोणी कोणाला बोलू नये. त्या पोरीला वाटतंय की आईने तिच्याकडे पाठ फिरवली, आणि तुम्ही काचेचा हिशोब सांभाळत बसा, असं म्हणाले. ते उभे राहून ऐकत होते. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, सांगतो. इथे नाही सांगता येणार. नाताळच्या सुट्टीत तिला तिथे नेतो. तुम्ही याल का?

गेलो आम्ही. हावड्याहून सकाळच्या गाडीने बांकुडा, रात्रीचा मुक्काम तिथल्या धर्मशाळेत, सकाळी बस आणि पुढे दीड कोस बैलगाडी. दिगंबररावांनी शेजाऱ्यांकडून एक साधा डब्याचा कॅमेरा मागून आणला होता, फिल्म स्वतःची. हेमा वाटभर खूश. आईला भेटायला चाललोय असंच ती गाडीवानाला सांगत होती, आणि त्या म्हाताऱ्याने तिला विचारलं की आई तिकडे कोणाच्या घरी असते. मी तोंड फिरवून नदी बघत बसले.

देऊळ मी पहिल्यांदाच पाहत होते. सुंदर आहे, नाही म्हणणार नाही. काळपट पिवळ्या दगडाचा एकच उंच सुळका, वरच्या फटींत पिंपळ रुजलेला, आणि पायथ्यापासून हात पोचेल तिथवर माणसं, हत्ती, हंस, वेली, कुठे बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. आत पिंडीवर ताजी बेलाची पानं होती. हेमाने देवाला घाईघाईत हात जोडले आणि बाहेर पळाली. फोटो तिला पाठ होता. ती जागा तिने आमच्या आधी शोधून काढली.

आरसेवाली बाई तिथे होती. नाक मोकळं, शकुन म्हणाली तसंच. मी ते पाहिलं. मी जोत्यावर बसले.

दिगंबररावांनी सोळा-सतरा पावलं मोजली, थांबले, आणि कॅमेरा छातीशी धरून हेमाला म्हणाले, तिथे उभी राहा, फोटो घेतो. हेमाने फ्रॉक झटकला, माझी शाल मागून घेतली, ती डोक्यावरून पदरासारखी ओढली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अगदी स्तब्ध. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

“हेमा, इकडे बघ,” दिगंबरराव म्हणाले.

“आई अशीच उभी होती.”

“तू इकडे बघ बाळ.”

ती हलली नाही. भिंतीकडे बघतच तिने विचारलं, “बाबा, आई माझ्यावर राग केली होती का?”

दिगंबरराव चालत तिच्यापर्यंत गेले. कॅमेरा त्यांनी खाली गवतात ठेवला. तिच्या पाठीमागे गुडघ्यावर बसले, आणि तिच्या पाठीशीच बोलायला लागले. त्या माणसाला मी सलग एवढं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. आईला वळायचं होतं, त्यांनी सांगितलं. आईला इकडेच बघायचं होतं. मी नको म्हणालो. काच सरकारची होती, तिच्यावर घरच्या माणसाचं तोंड येऊ नये असं मला वाटलं. तू काही केलं नाहीस. तू तर इथे नव्हतीसही. आई एकदा वळली होती, तेव्हा हसत होती, तिला मला काहीतरी सांगायचं होतं.

हेमा सावकाश फिरली. शाल तिच्या खांद्यावर आली.

“मग ती हसलेली काच द्या मला.”

“ती मी धुऊन टाकली. गरम पाण्यात सोडा घालून.”

“खराब झाली होती का?”

हे मलाही ठाऊक होतं, की ती काच खराब झाली होती. जवळजवळ आठ वर्षं मी तसंच समजून चालले होते. शकुनही तेच समजून गेली. दिगंबररावांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, आणि मग पोरीकडे.

“नाही,” ते म्हणाले. “ती वळली आणि मी टोपी काढली. टोपी काढली की हलायचं नाही असं मीच तिला सांगितलं होतं, म्हणून ती वळलेली तशीच थांबली. मी सहा अंक मोजले. सहाही अंक ती माझ्याकडे बघत होती. काच चांगली निघाली होती. सगळा चेहरा आला होता. म्हणून धुतली.”

मी जोत्यावर बसल्या बसल्या रडत होते. रागाने म्हणा, कशाने म्हणा. त्यांना काही बोलावं असं मनात आलं नाही.

हेमा रडली नाही. ती विचार करत होती. हातातल्या शालीचं टोक पिळत तिने विचारलं, “मग आईचं तोंड कसं होतं, बाबा?”

दिगंबररावांनी तोंड उघडलं. त्या भिंतीवरच्या एकूण एक मूर्तीचं नाक, ओठ, हनुवटी त्यांनी डोळे मिटून सांगितली असती. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पाच फूट एक इंच होती.”

“म्हणजे केवढी?”

ते उठले. आरसेवालीच्या समोर, भिंतीपासून हातभर अंतरावर, त्यांनी आपला तळवा हवेत आडवा धरला. जरा वर नेला, जरा खाली घेतला, आणि थांबवला. हेमा जवळ जाऊन त्या तळव्याखाली उभी राहिली. तिचं डोकं आणि त्यांचा हात यांच्यात चांगलं वीतभराहून जास्त अंतर होतं. तिने मान वर करून ते पाहिलं, आणि मग बाबांकडे पाहिलं.

“मी एवढी झाले की मला आईचं तोंड येईल?”

तिचं तोंड दिगंबररावांचंच होतं. मला ते दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. या माणसाने आयुष्यात कुठल्याही कागदावर अर्धा इंच खोटा लिहिला नव्हता.

“येईल,” ते म्हणाले.